प्रसूती रजा नेमकी कधीपासून टाकावी? एका शिक्षिकेचा हिशेब

(मुख्याध्यापक बंधूंनो, तुम्हीही वाचा. तुमच्या शाळेतल्या बाईंना उपयोग होईल.)

"मॅडम, रजा कधीपासून टाकताय?" सातवा महिना लागला की हा प्रश्न सुरू होतो. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख साहेब विचारतात, घरी सासूबाई विचारतात, खिचडी शिजवणाऱ्या मावशी विचारतात. माझ्या पहिलीतल्या एका मुलीने तर "बाई, बाळ आलं की तुमी येणार नाय का?" असं विचारून रडायलाच सुरुवात केली होती. सगळ्यांना एक तारीख हवी असते. ती तारीख ठरवताना आपण काय काय मोजतो आणि काय मोजायचं राहून जातं, ते आज सांगणार आहे. माझी दोन्ही बाळंतपणं नोकरीत झाली. पहिल्या वेळी माझा हिशेब चुकला, म्हणून हा लेख.

आधी नियम थोडक्यात पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. त्यातल्या नियम ७४ मध्ये प्रसूती रजा आहे. पूर्वी ती ९० दिवसांची होती, २००९ च्या शासन निर्णयाने १८० दिवसांची झाली. पगार पूर्ण मिळतो आणि ही रजा आपल्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. दोन हयात मुलं असतील तर पुढच्या वेळी मिळत नाही. नैमित्तिक रजा सोडून दुसरी कुठलीही रजा तिला जोडता येते. एवढं बहुतेकींना ठाऊक असतं.

घोळ होतो तो "१८० दिवस" या शब्दांचा अर्थ लावताना. हे दिवस सलग मोजायचे असतात. रविवार, सण, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, मध्ये जे येईल ते सगळं त्यात धरलं जातं. बाळंतपणाच्या आधी किती आणि नंतर किती, असे दोन वेगळे कप्पे नाहीत. आधी जेवढे दिवस वापराल तेवढे नंतरचे कमी होतात. आपण सगळ्याजणी शेवटच्या दिवसापर्यंत शाळेत का जात राहतो, याचं खरं कारण हेच आहे. ड्यूटीवरचं प्रेम वगैरे नंतर. पोटातल्या बाळासाठी घेतलेला एक दिवस म्हणजे मांडीवरच्या बाळाचा एक दिवस कमी, असा तो हिशेब असतो.

माझंच उदाहरण देते. पाळीची तारीख १३ नोव्हेंबर. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की २० ऑगस्ट. डॉक्टर देतात ती संभाव्य तारीख साधारण अशीच काढलेली असते (सोनोग्राफीने ती थोडी पुढेमागे होते). मी वहीत दोन रकाने आखले. २० जुलैपासून रजा टाकली तर १८० दिवस १५ जानेवारीला संपतात. हजर व्हायचं १६ जानेवारीला, तेव्हा बाळ पाच महिन्यांचंही पूर्ण झालेलं नसणार. १६ ऑगस्टपासून टाकली तर रजा ११ फेब्रुवारीला संपते आणि हजर व्हायचं १२ फेब्रुवारीला. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं व्हायला फक्त आठवडाभर कमी. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, असं आपणच पालक मेळाव्यात माता-पालकांना सांगतो. माझी शाळा भोर तालुक्याच्या डोंगराळ भागातली, घर तालुक्याच्या गावी, जाऊन-येऊन तीन तास. मधल्या सुट्टीत घरी येऊन बाळाला पाजून जाणं शक्यच नव्हतं. त्यामुळे २७ दिवसांचा तो फरक मला फार मोठा वाटला.

शिवाय मध्ये १५ ऑगस्ट होता. मुलांची कवायत मी बसवलेली, दोघांची भाषणं मी लिहून पाठ करून घेतलेली. म्हणून ठरवलं, झेंडावंदन करायचं, मुलांना खाऊ वाटायचा आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

६ ऑगस्टला सकाळपासून डोकं ठणकत होतं. पायांवर सूज तर आधीपासूनच होती आणि "शेवटच्या महिन्यात येतेच" असं सगळ्या म्हणायच्या. मी झोप झाली नसेल म्हणून चहा घेतला आणि वर्गावर गेले. फळ्यावरची अक्षरं जरा हलल्यासारखी दिसायला लागली तेव्हा खुर्चीत बसले. आमच्या आशाताई त्याच दिवशी लोहाच्या गोळ्या वाटायला शाळेत आल्या होत्या, हे माझं नशीब. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हाताला धरून उपकेंद्रात नेलं. सिस्टरनी रक्तदाब मोजला तर १५० च्या वर गेलेला. तिथून जीप, तालुक्याचं हॉस्पिटल आणि त्याच रात्री सिझेरियन. अडतीस आठवडे पूर्ण झाले होते, त्यामुळे बाळ छान होतं. मीही चार-पाच दिवसांत बरी झाले.

शाळेचं मात्र हसंच झालं. आमची शाळा द्विशिक्षकी. माझ्या पर्समध्ये कार्यालयाच्या कपाटाची आणि तांदळाच्या खोलीची किल्ली होती. पोषण आहाराची नोंदवही चार दिवस मागे होती, कारण आकडे माझ्या डोक्यात होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्याचं चेकबुक कुठे ठेवलंय ते फक्त मला माहीत. सर दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ली न्यायला हॉस्पिटलमध्ये आले. माझ्या आईने त्यांना पेढा दिला, आणि ते बिचारे एका हातात पेढा धरून मला हळूच विचारत होते, "मॅडम, तूरडाळ किती शिल्लक दाखवायची?" आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मान खाली गेली होती.

आणि ज्यासाठी एवढी ताणाताण केली ते दिवस तरी वाचले का? रजा ६ ऑगस्टपासूनच धरली गेली. ठरवलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी.

तारीख एकच का धरू नये

संभाव्य तारीख ही संभाव्यच असते. बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी, साधारण वीसात एक. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ केव्हाही येऊ शकतं आणि तरी ते पूर्ण दिवसांचंच समजतात. म्हणजे २० ऑगस्टची तारीख असेल तर ३० जुलैपासून पुढचा कुठलाही दिवस हा बाळंतपणाचा दिवस असू शकतो. आपण मात्र कॅलेंडरवर एकाच तारखेला गोल करतो आणि तिथून मागे दिवस मोजतो.

म्हणून आता मला कुणी विचारलं की मी दोन तारखा काढायला सांगते. पहिली, "सगळं ठीक असेल तर या दिवशी रजा". दुसरी, "या दिवसानंतर मला कधीही उठून जावं लागेल आणि मी गेले तरी शाळेचं अडणार नाही". पहिली तारीख पुढेमागे सरकली तरी चालते. दुसरी मात्र बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पक्की पाळायची. त्या दिवशी चार्ज देऊन मोकळं व्हायचं आणि मग जमेल तितके दिवस वर्ग घ्यायचे. चार्ज दिला म्हणजे रजेवर गेलं असं नाही. नुसतं शिकवायला येता येतं, आणि खरं सांगू, नोकरीतले माझे सगळ्यात सुखाचे आठवडे तेच होते.

चार्ज देताना नुसती यादी देऊन भागत नाही. दप्तर, जडवस्तू संग्रह नोंदवही, पोषण आहाराचा साठा आणि त्याची रोजची ऑनलाइन माहिती, यू-डायस आणि सरलचे पासवर्ड, मुलांच्या आधारची राहिलेली कामं, बँकेचं खातं, हे सगळं समोर बसून दाखवावं लागतं. खात्यावर तुमची सही चालत असेल तर सही बदलायला बँकेत वेळ लागतो, त्यासाठी समितीचा ठराव लागतो. ते काम महिनाभर आधी सुरू करा. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येत असेल तर तो नंबर बदला. बाळंतिणीच्या खोलीत ओटीपी सांगत बसलेल्या मी दोघीजणी पाहिल्यात.

आणि मुलांची एक वही. दुसऱ्या वेळी मी केली. प्रत्येक मुलाला अर्धं पान. कोण जोडाक्षराला अडतं, कोणाला हातच्याची वजाबाकी अजून वस्तू घेऊनच येते, कोण घरून उपाशी येतं, कोणाला मोठ्याने बोललं की दिवसभर तोंड उघडत नाही. आपल्या जागी सहसा नवीन शिक्षक मिळत नाही. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतून कुणाची तरी कामगिरी काढतात, नाहीतर दोन वर्ग एकत्र बसवतात. येणाऱ्या माणसाला त्या वहीने पंधरा दिवसांचं काम वाचतं.

पहिली तारीख कशावरून ठरवायची

इथे मी आधी रस्ता मोजते. तुमची शाळा घराजवळ आहे, डांबरी रस्ता आहे, दहा मिनिटांवर हॉस्पिटल आहे, स्वच्छतागृह धड आहे, तर अडतिसाव्या आठवड्यापर्यंत जाणाऱ्या बायका आहेत आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर त्यात चूक नाही. पण रोज एसटी, मग वडाप, मग दीड किलोमीटर चिखल असं असेल, किंवा पावसात फरशीवरून पाणी वाहिलं की वाडी तुटत असेल, तर छत्तीस आठवड्यांच्या पुढे जाऊ नका. प्रश्न "मी चालू शकते का" एवढाच नाही. कळा सुरू झाल्या तर तिथून मला कोण, कशात घालून, किती वेळात नेणार, हा आहे. याचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ येत नसेल तर तारीख अलीकडे आणा.

दुसरं मोजायचं ते शरीर. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे, रक्तदाब १४०/९० ला टेकलाय, साखर वाढलीय, जुळं आहे, आधीचं बाळ लवकर झालंय, वार खाली आहे, यातलं काहीही असेल तर तारीख डॉक्टर ठरवतील. तिथे आपली वही मिटायची. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तर तास संपायची वाट पाहायची नाही. मी पाहिली, म्हणून सांगते.

शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आपल्या वर्गात साथी येतात. कांजण्या, गोवर, रुबेला. लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, हे आईला विचारून ठेवा. झाल्या नसतील आणि वर्गात एखाद्या मुलाला फोड दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ही काळजी नवव्या महिन्याची नाही, पहिल्या दिवसापासूनची आहे.

मग माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची पद्धत. माझी एक मैत्रीण नोकरी करते रायगडमध्ये आणि माहेर लातूरचं. तिला छत्तिसाव्या आठवड्यात रात्रभर प्रवास करून, नवीन डॉक्टर गाठून, जुने रिपोर्ट समजावून सांगावे लागले. तिकडे जायचंच असेल तर चौतिसाव्या आठवड्याच्या आत गेलेलं बरं, म्हणजे रजा तेवढी आधी सुरू होणार. किंवा मग आईलाच आपल्याकडे बोलावायचं. हा निर्णय डोहाळजेवणाच्या पंगतीत होत असतो, पण तो रजेचाही निर्णय आहे हे घरच्यांना समजावून सांगा.

शाळेचं वेळापत्रक मी सगळ्यात शेवटी धरते. संकलित मूल्यमापन, निकालपत्रकं, स्नेहसंमेलन हे सगळं तुमच्याशिवाय होतं. वाईट वाटतं, पण होतं. आमचं १५ ऑगस्टचं झेंडावंदन माझ्याशिवाय झालं आणि भाषण करणारा पोरगा एक शब्दही न अडखळता बोलला.

सुट्ट्या आणि पगार

तारीख मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये असेल तर उन्हाळी सुट्टीत आपोआप विश्रांती मिळते, ती नशिबाची गोष्ट. तारीख मार्च-एप्रिलची असेल तर पूर्ण मे महिना त्या १८० दिवसांत जातो आणि बायका हळहळतात. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे तिथल्या मैत्रिणींचा हिशेब थोडा वेगळा. सुट्टीतच प्रसूती झाली तर रजा कुठल्या तारखेपासून धरायची, सुट्टी पुढे-मागे जोडायची का, यावर कार्यालयात तोंडी विचारलं की प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतं असा माझा अनुभव आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, लेखी उत्तर मागा.

पगाराच्या दोन बारीक गोष्टी. पूर्ण महिना रजेवर असाल तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही. दुसरं, १ जुलैला तुम्ही रजेवर असाल तर वेतनवाढ बुडत नाही, पण तिचे पैसे हजर झाल्या दिवसापासून मिळतात. रजा जूनच्या शेवटच्या आठवड्यात टाकायची की २ जुलैला, असा प्रश्न असेल आणि तब्येत उत्तम असेल, तर हे लक्षात असू द्या. तब्येत बरी नसेल तर विसरून जा.

१८० दिवस कमी पडले तर २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे. पूर्ण सेवेत १८० दिवस, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. ती हक्काने मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते. पण ती आहे म्हटल्यावर बाळंतपणाआधीचा एकेक दिवस मुठीत धरून बसायची गरज उरत नाही. ही रजा पहिल्या वेळी असती तर मी २० जुलैला घरी बसले असते. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजाही घेता येते. अशक्तपणामुळे आठवा महिना जड जात असेल तर डॉक्टरांचा दाखला घेऊन आधी ती टाका आणि प्रसूती रजा तिला जोडून पुढे सुरू करा. नैमित्तिक रजा मात्र जोडता येत नाही, ती आधीच्या तपासण्यांना वापरा.

खासगी शाळांतल्या मैत्रिणींसाठी कायद्याने मातृत्व लाभ आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. "आत्ता राजीनामा द्या, जूनमध्ये परत घेऊ" असं गोड बोलून सांगणाऱ्या संस्था आहेत. सही करू नका. गरोदरपणाच्या कारणावरून कामावरून काढता येत नाही.

अर्जाचं काम सोपं आहे. संभाव्य तारखेचा डॉक्टरांचा दाखला लावून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज. अर्जात तारीख लिहिताना "दि. अमुकपासून अथवा वैद्यकीय सल्ल्यानुसार त्याआधी" असं लिहा. एवढी एक ओळ माझ्या पहिल्या अर्जात नव्हती आणि तारीख बदलायला नवऱ्याला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. निवडणुकीचं किंवा बीएलओचं काम लागलं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह तहसील कार्यालयात वेगळा अर्ज द्या, शाळेचा अर्ज तिथे पोचत नाही. हजर होताना फिटनेसचा दाखला लागेल. नंतर सेवापुस्तकात नोंद झाली की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दुसऱ्या वेळी माझी तारीख १२ जानेवारी होती. दिवाळीची सुट्टी संपली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर मी सरांना चार्ज दिला. रजा २२ डिसेंबरपासून, तीन आठवडे आधी. "अख्खा मे महिना रजेत घालवलात की मॅडम," असं बऱ्याच जणींनी ऐकवलं. मुलगी ९ जानेवारीला झाली. १८० दिवस १९ जूनला संपले, त्याला एक महिना बालसंगोपन रजा जोडली. त्या २१ डिसेंबरला शाळेतून निघताना पर्स उघडून पाहिली तर एकही किल्ली नव्हती. सर दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, तूरडाळ साडेअकरा किलो. नोंद झालीय. या आता."